वेळासचं कासव आणि शिवनेरीची शिंदळ माकुडी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवत आणि रविवारी मुलांना घेऊन गड चढत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मला कळलं. तेव्हा मोजणी आणि डोंगर या दोन्ही गोष्टी आजच्या विषयात याव्यात, असं ठरवूनच आलो आहे. डोंगराच्या जोडीला समुद्रही आणला आहे.

मी दोन जिवांबद्दल बोलणार आहे. पहिला जीव म्हणजे ऑलिव्ह रिडली कासव. कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी अशा किनाऱ्यांवर त्याची मादी अंडी घालायला येते. दुसरा जीव शिंदळ माकुडी. सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर ती उगवते आणि जगात इतर कुठेही आपणहून उगवत नाही. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. शिवनेरीच्या कड्यावर ती आहे म्हणून तिला शिवसुमनही म्हणतात. साताऱ्यात उभं राहून बोलताना हेही सांगायला हवं की आपल्या सज्जनगडावरूनही तिची नोंद झालेली आहे.

कासव आणि फूल यांची तुलना कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: या दोघांना वाचवण्याच्या धडपडीत, जे हातात धरता येतं तेच आपण वाचवतो आणि तेच मोजतो. कासवाच्या बाबतीत पिल्लं मोजतो, माकुडीच्या बाबतीत कुंड्या. खरा धोका मात्र आपला हात पोचत नाही तिथे आहे. कासवाला तो खोल पाण्यातल्या जाळ्यात आहे आणि माकुडीला उभ्या कातळावर.

कासवाची ओळख करून द्यावी लागत नाही. माकुडीची द्यावी लागते, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

रुई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. माकुडी रुईच्याच कुळातली. पण रुई माळावर, रस्त्याच्या कडेला, पडक्या घराच्या जोत्यावर कुठेही वाढते. माकुडी कातळाच्या फटीत साठलेल्या मूठभर मातीत मूळ धरते. तिच्या मांसल फांद्या कड्यावरून खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांना जाडसर, लांबट पानं फुटतात. पाऊस सरला की पानं गळतात आणि पुढचे कित्येक महिने नुसत्या फांद्या, आत साठवलेल्या पाण्यावर, तापलेल्या दगडाला चिकटून काढतात. तिच्या जवळच्या नात्यातली माकडशिंगी तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. तिच्यासारख्या या गोतावळ्यातल्या बहुतेक वनस्पतींना पानं जवळजवळ नसतातच. पाणी साठवणारं खोड आणि खरीखुरी रुंद पानं हे दोन्ही माकुडीनं बाळगलं आहे. कोरड्या जगण्याची तयारी करूनही पावसाळ्याचा मोह तिनं सोडलेला नाही. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला तिचं इतकं अप्रूप वाटतं ते यामुळे.

पावसाळा ओसरू लागला की ती फुलते. फूल पाच टोकांच्या चांदणीच्या आकाराचं, गडद तांबडं, त्यावर पिवळे डाग आणि कडेला बारीक केस. दिसायला ते फार देखणं आहे. वास मात्र कुजक्या पदार्थाकडे झुकणारा. हा वास माशीला बोलावण्यासाठी आहे. रुईप्रमाणेच माकुडीचेही पराग सुटे उडत नाहीत. ते दोन इवल्या पिशव्यांत भरलेले असतात आणि त्या पिशव्या एका चिमट्यानं जोडलेल्या असतात. माशी फुलावर वावरताना हा चिमटा तिच्या अंगाला पकडतो. मग तीच माशी दुसऱ्या फुलावर जाऊन नेमक्या फटीत ती पिशवी अडकवून आली, तरच फळ धरतं. इतकी अचूक रचना असल्यामुळे ती वारंवार चुकते. फुलं पुष्कळ येतात, फळं थोडी लागतात. पण एखादं फळ पिकून उकललं की रेशमी झुबका असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. लहानपणी आपण ज्यांच्यामागे ‘म्हातारी, म्हातारी’ म्हणत धावलो, तशाच या. त्यातली एखादी दुसऱ्या कड्याच्या फटीत पोचली आणि तिथे ओल मिळाली, तर माकुडीचा वंश एक पाऊल पुढे सरकतो. बाकीच्या दरीत जातात.

या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन निकोल डॅल्झेल या स्कॉटिश माणसानं 1860 च्या दशकात केलं. अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर त्यानं 1861 साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ सिद्ध केला होता आणि वनखात्याच्या नोकरीत तो मुंबई इलाख्यात पुष्कळ हिंडला. 1862 ते 1867 या काळात बार्टल फ्रेअर मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव त्यानं या झाडाला दिलं. अलीकडे डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी दाखवलं की माकुडी ही मुळात सेरोपेजियांच्या, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या, वंशवृक्षाचीच एक फांदी आहे. आता काही अभ्यासक तिला त्याच प्रजातीत घालतात. कंदीलपुष्पांचे कितीतरी प्रकार सह्याद्रीबाहेर सापडत नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पं शोधण्याचं, वाढवण्याचं आणि पुन्हा रानात नेऊन लावण्याचं जे काम केलं, ते महाराष्ट्रानं अभिमानानं सांगावं असं आहे. ते पुरेसं सांगितलं जात नाही, याचं मला दुःख आहे.

आता कासव. पूर्ण वाढलेली ऑलिव्ह रिडली मादी साधारण दोन फूट लांब आणि पस्तीस ते पंचेचाळीस किलो वजनाची असते. कोकणात हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ती रात्री वाळूवर चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. पुढचं काम वाळूच्या उबेचं. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा ती ऊबच ठरवते: वाळू जास्त तापली तर माद्या, कमी तापली तर नर. वाळूतून बाहेर पडून पाण्याकडे धावणाऱ्या मादीच्या मनात त्या किनाऱ्याची काही खूण उमटते. वयात आल्यावर, दहा-पंधरा वर्षांनी, ती पुष्कळदा त्याच भागात परतते. मधली वर्षं ती कुठे असते याची आपल्याला फार थोडी माहिती होती.

उपग्रहाशी जोडलेल्या ट्रान्समीटरमुळे ही माहिती थोडी वाढली. जानेवारी 2022 मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर असं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिली, म्हणून तिचं नाव प्रथमा. तिच्यानंतर आंजर्ल्याला आणि गुहागरला आणखी माद्यांना यंत्रं बसली. पुढच्या वर्षी गुहागरची बागेश्री केरळचा किनारा सोडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि 2025 च्या जानेवारीत उलट दिशेची गोष्ट घडली. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 साली वल्ह्यासारख्या पायाला धातूचा बिल्ला लावलेली एक मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. बिल्ल्यावरचा आकडा होता 03233. ओडिशात एकाच वेळी लाखो कासवं येतात. आपल्याकडे एकेकटी येतात. या दोन किनाऱ्यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे त्या एका बिल्ल्यानं दाखवलं.

एक जीव अर्धा हिंदी महासागर पालथा घालतो आणि दुसऱ्याला जन्मभर वीतभर फट पुरते. तरी दोघांच्या आयुष्याचा हिशेब एकाच पद्धतीचा आहे. दोघंही संतती उदंड करतात आणि ती वाऱ्याच्या किंवा लाटेच्या हवाली करतात. त्यातली फार थोडी जगतात. जी जगतात ती मात्र दीर्घकाळ जगतात आणि वर्षानुवर्षं प्रजनन करत राहतात. सगळा वंश या थोड्या, मोठ्या, टिकलेल्या जिवांवर उभा असतो.

या रचनेत एक मोठा धोका दडलेला आहे आणि आजच्या व्याख्यानात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. नवी पिढी येणं बंद झालं तरी ते लगेच दिसत नाही. किनाऱ्यावर म्हाताऱ्या माद्या येतच राहतात. कड्यावरचं जुनं झाड दर भाद्रपदात फुलतच राहतं. बघणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. वीस-पंचवीस वर्षांनी जुनी पिढी संपते आणि मग अचानक काहीच उरत नाही.

मलेशियात रांताऊ आबांग नावाचा किनारा आहे. तिथे लेदरबॅक ही सगळ्यांत मोठी समुद्री कासवं येत. 1950 च्या दशकात तिथे वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरटी होत. गावकरी अंडी काढून विकत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारनं काही अंडी विकत घेऊन कुंपणातल्या वाळूत उबवायला सुरुवात केली आणि पिल्लं समुद्रात सोडली. दरवर्षी सोडलेल्या पिल्लांचा आकडा होता, फोटो होते, पर्यटक होते. घरटी मात्र घटत गेली आणि शतक संपेपर्यंत बोटांवर मोजण्याइतकी उरली. बहुतांश अंडी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली होती. मोठी कासवं दूरच्या समुद्रात जाळ्यांत मरत होती. शिवाय कुंपणातली वाळू इतकी तापायची की काही हंगामांतली जवळजवळ सगळी पिल्लं माद्याच निघाली. सोडलेल्या पिल्लांचा आकडा यातलं काहीच सांगत नव्हता.

याच्या उलट उदाहरण ऑलिव्ह रिडलीच्या सख्ख्या बहिणीचं आहे, केम्प्स रिडलीचं. मेक्सिकोच्या रांचो नुएव्हो किनाऱ्यावर 1947 साली कुणीतरी चित्रफीत घेतली. तिच्यावरून एका दिवसात सुमारे चाळीस हजार माद्या किनाऱ्यावर आल्या असाव्यात, असा अंदाज काढला गेला. 1985 साली संपूर्ण हंगामातली घरटी भरली 702. अंड्यांना संरक्षण 1960 च्या दशकापासूनच होतं, तरी घसरण चालू राहिली. मग कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणं सक्तीचं झालं. 2009 साली घरटी वीस हजारांच्या वर गेली. पुढे चढउतार झाले, पण वंश तगला. किनारा राखणं आणि जाळ्यात वाट ठेवणं, दोन्ही केलं तेव्हा तगला.

अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी, क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी, 1987 साली लॉगरहेड कासवांचा गणिती हिशेब मांडला होता. आपल्या गुरुजींना तो आवडला असता. शंभर टक्के अंडी वाचवली तरी घसरण थांबत नाही, वाढत्या वयाची मोठी कासवं जगवली तर थांबते, असं त्या हिशेबातून निघालं. कारण उघड आहे. हजार पिल्लांतून एखादंच वयात येतं असं मानलं जातं. जाळ्यात बुडालेली एक प्रौढ मादी म्हणजे अशा किती घरट्यांचं फळ, ते तुम्हीच मोजा.

मी हे बोलतो तेव्हा वेळासच्या लोकांचं काम कमी लेखतो असं कृपा करून समजू नका. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं 2002 साली तिथे काम सुरू केलं. त्याआधी घरटं दिसलं की अंडी काढून नेली जायची. कुत्री आणि कोल्हे उरलेली फस्त करायचे. आज गावागावांत कासवमित्र आहेत. ते पहाटे अंधारात किनारा चालतात, मादीच्या पावलांचा माग ओळखतात, अंडी तितक्याच खोल खड्ड्यात, जाळीच्या कुंपणात हलवतात आणि पिल्लं निघाली की पाण्यापर्यंत सोबत करतात. कासव महोत्सव सुरू झाला, पुण्या-मुंबईची माणसं आली, घरोघरी मुक्कामाची सोय झाली आणि गावाला चार पैसे मिळू लागले. एका गावानं आपली सवय बदलली, ही लहान गोष्ट नाही. नाना फडणविसांचं गाव म्हणून जे वेळास पुस्तकात होतं ते आता कासवांचं गाव म्हणून शाळकरी मुलांना माहीत आहे. हे काम झालं नसतं तर आज बोलण्यासारखं काही उरलं नसतं.

पण ते अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं पाण्यात आहे. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. ते पाण्याखाली जाळ्यात अडकलं, धडपडलं आणि वेळेत वर आलं नाही, तर बुडून मरतं. पावसाळ्यात मुंबई-डहाणूच्या किनाऱ्यावर जी कासवं वाहून येतात, त्यांतल्या कित्येकांच्या वल्ह्यांना टाकून दिलेल्या जाळ्यांचा फास लागलेला असतो. काहींची वल्ही कापावी लागतात. डहाणूला अशा कासवांचं उपचार केंद्र चालतं, तिथे जाऊन बघा. ट्रॉलच्या जाळ्यात बसवायची सळ्यांची चौकट आपल्या देशातही तयार झाली आहे, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत. मासळी चौकटीतून मागे जाते, कासव सळ्यांना अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. तांडेलांची, म्हणजे बोटीच्या प्रमुखांची, तक्रार अशी की झडपेतून थोडी मासळीही जाते. ही तक्रार खोटी नाही. डिझेलचा भाव आणि खलाशांचा पगार ज्याला द्यायचा असतो, त्याला थोडीही थोडी नसते. म्हणून कोळ्यांना गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. 2018 च्या अखेरीस महाराष्ट्र शासनानं एक योजना आणली: संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि तो सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. माणसाच्या नुकसानाची दखल घेऊन प्राणी वाचवणारी ही योजना मला फार मोलाची वाटते. कोकणातल्या मच्छीमार समाजाच्या मनात कासव हा देव आहे. त्याला सोडून द्यायची इच्छा तिथे आधीपासून आहे. ती इच्छा परवडेल अशी व्यवस्था करणं हे आपलं काम.

आता पुन्हा डोंगराकडे येऊ, कारण माकुडीच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या रूपात होते.

माकुडी कुंडीत सहज वाढते. फांदीचा तुकडा लावला की मूळ धरतो. जगभरातल्या रसाळ वनस्पतींच्या शौकिनांकडे ती आहे आणि आपल्या रोपवाटिकांतही आहे. त्यामुळे कुणी म्हणेल, मग ती दुर्मीळ कशी? उत्तर असं: एका झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या हजार कुंड्या म्हणजे जनुकांच्या हिशेबात एकच झाड. त्याला जो रोग मारेल तो हजारांना मारेल. कुंडीतल्या झाडाला कड्यावरची माशी भेटत नाही, त्याच्या बीला फट शोधावी लागत नाही, कोरड्या महिन्यांत कातळावर कोण टिकतं याची निवड होत नाही. रोपवाटिका हा विमा आहे आणि विमा असावा, पण विम्याचा कागद कपाटात ठेवून घराला आग लागू द्यायची नसते.

आणि आग हा शब्द इथे अक्षरशः घ्या. सह्याद्रीत दिवाळीनंतर गवत वाळतं, आणि मग कुणी चाऱ्यासाठी, कुणी शिकारीसाठी, कुणी नुसत्या सवयीनं डोंगराला वणवा लावतो. ज्वाळा कड्याच्या कडेनं वर चढतात. पानं गाळून, साठवलेल्या पाण्यावर तगलेल्या माकुडीच्या फांद्या त्या धगीत भाजून निघतात. रस्ता रुंद करताना डोंगराची कड तासली जाते. दगडाच्या खाणी लागतात. जिथपर्यंत शेळीचं तोंड पोचतं तिथे माकुडी उरत नाही, म्हणून आज ती दिसते ते बहुतेक सगळे अवघड कडे आहेत. तिला अवघडच जागा आवडते की सोप्या जागांवरून ती केव्हाच संपली, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. या सगळ्यात गडांच्या संवर्धनाचाही वाटा असू शकतो, हे जरा नाजूक आहे पण बोललं पाहिजे. तटबंदी आणि कडे साफ करताना झुडपं सरसकट खरवडली जातात. पिंपळ-वड काढायलाच हवेत, त्यांची मुळं चिरे फोडतात. माकुडी कुणाचा चिरा फोडत नाही. पण हातात कोयता असलेल्या तरुणाला हा फरक कुणीतरी आधी दाखवायला हवा.

कायद्यानंही दोघांना वेगवेगळ्या मापानं मोजलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवं पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. वनस्पतींसाठी त्या कायद्यात आधी परिशिष्टच नव्हतं. 1991 च्या दुरुस्तीत ते जोडलं गेलं, तेव्हा सगळ्या देशाच्या मिळून सहा नोंदी त्यात आल्या: बेडोमचा सायकस, निळी वांडा, लाल वांडा, कोष्ठ, घटपर्णी आणि लेडीज स्लिपर ऑर्किडं. त्यांत माकुडी नव्हती. आणि संख्येनं पाहाल तर ऑलिव्ह रिडली हे जगातलं सर्वांत विपुल समुद्री कासव आहे. ओडिशाच्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी 2025 साली एका हंगामात सात लाखांच्या आसपास माद्या आल्या. त्याचं संरक्षण कमी करावं असं मी म्हणत नाही. हजारोंनी असलेले जीव किती झपाट्यानं शेकड्यांवर येतात ते केम्प्स रिडलीनं दाखवलंच आहे. पण जिची अख्ख्या जगातली रानटी वस्ती मोजक्या कड्यांत सामावते, तिच्या वाट्याला कायद्याचं निदान तेवढं लक्ष यायला हवं होतं.

याचं एक कारण आपल्या मनात आहे. कासव आपल्याकडे पाहतं. आपल्या कितीतरी देवळांच्या सभामंडपात ते दगडात कोरलेलं आहे. नमस्कार करताना आपण त्याला ओलांडत नाही. कूर्मावतार लहानपणीच ऐकलेला असतो. पिल्लू लाटेकडे धावतं तेव्हा बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माकुडीला ओवी नाही, व्रत नाही, गणपतीच्या एकवीस पत्रींत स्थान नाही. पत्रींत नाही हे बरंच आहे, नाहीतर ती केव्हाच बाजारात पोचली असती. पण कुठलीच गोष्ट तिच्या नावानं सांगितली जात नाही. तिच्या पोटच्या बियांना कुणी निरोप देत नाही. दुर्मीळ झाड वाचवण्यासाठी त्याच्याबद्दल प्रेम वाटावं लागतं आणि प्रेम वाटायला आधी माहीत व्हावं लागतं. वेळासच्या लोकांनी वीस वर्षांत हे करून दाखवलं. मग शिवनेरीच्या, पुरंदरच्या, सज्जनगडाच्या पायथ्याच्या गावांना ते का जमू नये? शिवजन्माच्या गडावर, जगात इतरत्र नसलेलं एक फूल उमलतं. महाराष्ट्रातल्या मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट मला तरी सुचत नाही.

ती सांगताना एक काळजी मात्र घ्यावी लागेल. कासवाच्या किनाऱ्याचं नाव जाहीर केल्यानं कासवाचा फायदा झाला, कारण पाहुण्यांबरोबर राखणदारही आले. माकुडीच्या नेमक्या फटीचा पत्ता जाहीर केला तर आधी पोचेल तो ओरबाडून नेणारा. म्हणून गडाचं नाव सांगा, फुलाचं वर्णन सांगा, जागा सांगू नका.

मला या सभेकडून काही मागायचं आहे, आणि ते मी स्पष्ट मागतो. तुमच्यापैकी जे गडसंवर्धनाच्या मोहिमांत जातात त्यांनी कोयता चालवण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फुलाच्या दिवसांत, एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला बरोबर घेऊन तट आणि कडे एकदा पाहून घ्यावेत. महाविद्यालयांनी दर पाच वर्षांनी त्याच कड्यांची नोंद करावी. ती करताना फुलं मोजून थांबू नये. फळं किती धरली आणि नवी, लहान रोपं किती दिसली, ते लिहावं. जिथे रोप दिसत नाही तिथे माकुडी फुलत असली तरी संपत चालली आहे. डोंगराला आग लावणाऱ्याला गावानं थांबवावं. त्यासाठी वनरक्षकाची वाट पाहू नये. रस्त्याकडेला किंवा इंटरनेटवर रानातून उपटून आणलेलं रोप कुणी विकत असेल तर ते घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

आणि या हंगामात वेळासला, आंजर्ल्याला, गुहागरला जाल तेव्हा पिल्लं जरूर पाहा, मुलांना दाखवा. मग तिथल्या कासवमित्राजवळ बसा आणि त्याला विचारा, यंदा किती माद्या आल्या, आणि किती मेलेल्या वाहून आल्या. बंदरावर जाऊन तांडेलाला विचारा, जाळं कापल्याची भरपाई त्याला मिळाली का, आणि किती दिवसांनी मिळाली. मिळाली नसेल तर त्याचा अर्ज लिहायला बसा.